प्रयोगशाळा स्वयंचलनाच्या परिषदेला जाताना: आपली कार्यपद्धती सोबत कशी न्यावी

प्रयोगशाळेतील स्वयंचलन आणि रोबोटिक्स या विषयावरच्या परिषदा इतर वैज्ञानिक परिषदांपेक्षा एका बाबतीत वेगळ्या असतात. सभागृहात सादर होणाऱ्या निबंधांइतकेच महत्त्व येथे प्रदर्शन दालनात चालू असलेल्या यंत्रांना असते, आणि श्रोत्यांमध्ये जीवशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ, यांत्रिकी अभियंते, सॉफ्टवेअर लिहिणारे आणि खरेदीचा निर्णय घेणारे व्यवस्थापक असे सगळे शेजारीशेजारी बसलेले असतात. ही मांडणी जुनी आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला झायमार्क या अमेरिकन कंपनीने प्रयोगशाळेसाठी यंत्रमानवी हात बाजारात आणला, आणि यंत्र बनवणारे व वापरणारे एकत्र भेटण्याची प्रथा त्याच काळात रुजली. पुढे 2010 मध्ये असोसिएशन फॉर लॅबोरेटरी ऑटोमेशन आणि सोसायटी फॉर बायोमॉलिक्युलर सायन्सेस या दोन संस्था एकत्र येऊन सोसायटी फॉर लॅबोरेटरी ऑटोमेशन अँड स्क्रीनिंग, म्हणजे स्लास, ही संस्था स्थापन झाली. तिची वार्षिक परिषद या क्षेत्रातल्या प्रमुख मेळाव्यांपैकी एक आहे.

अशा परिषदेत पाहण्यासारखे इतके असते की सर्व काही पाहण्याचा प्रयत्न करणारा माणूस दोन दिवसांत थकून जातो आणि परतल्यावर त्याच्या हाती माहितीपत्रकांचा गठ्ठा उरतो. माझे मत असे आहे की स्वतःच्या प्रयोगशाळेतील एकच कार्यपद्धती पूर्ण तपशिलानिशी सोबत नेली आणि ऐकलेले, पाहिलेले सर्व काही तिच्यावर घासून पाहिले, तरच परिषदेचा खर्च आणि वेळ सार्थकी लागतो. पुढील मार्गदर्शन त्याच दृष्टीने लिहिले आहे. ते प्रथमच जाणाऱ्यांसाठी आहे, तसेच अनेकदा जाऊनही निर्णयापर्यंत न पोहोचलेल्यांसाठीही आहे.

निघण्यापूर्वीचे काम

ज्या कामाचे स्वयंचलन करायचे आहे ते काम निवडावे आणि ते एका पानावर उतरवावे. लेखी कार्यपद्धती बहुतेक प्रयोगशाळांत असतेच, परंतु ती माणसासाठी लिहिलेली असते आणि माणूस जे न सांगता करतो ते तिच्यात नसते. नळीच्या तळाशी बुडबुडा दिसला तर ती हलके टिचकी मारून सरळ करणे, प्लेटवरचे (अनेक छोटे खळगे असलेल्या चपट्या पात्रावरचे) सील नीट चिकटले नाही असे वाटल्यास पुन्हा दाबणे, गोठवलेला नमुना पूर्ण वितळला आहे का हे डोळ्यांनी पाहणे, अशा क्रिया यंत्राला आपोआप येत नाहीत. म्हणून काम करणाऱ्या तंत्रज्ञाशेजारी बसून, घड्याळ हातात घेऊन, प्रत्येक क्रिया नोंदवावी. नमुना कोणत्या पात्रात येतो, दिवसाला किती येतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती आकारमान हाताळावे लागते, द्रव पाण्यासारखा आहे की दाट, फेसाळणारा, बाष्पनशील किंवा पेशी तळाशी बसणारा आहे, कोणत्या दोन टप्प्यांमधील अंतर ठरावीक मिनिटांपेक्षा वाढून चालत नाही, हे सर्व त्या पानावर आकड्यांत असावे.

या नोंदींतून आणखी एक गोष्ट उघड होते, आणि ती परिषदेला जाण्यापूर्वीच कळलेली बरी. समजा, मापन करणाऱ्या उपकरणाला एक प्लेट वाचायला पाच मिनिटे लागतात. मग द्रव भरणारा रोबोट कितीही वेगवान घेतला तरी एका वाचकयंत्रावर तासाला बारांपेक्षा अधिक प्लेट निघणार नाहीत. कामाचा वेग सर्वांत मंद टप्पा ठरवतो. तो टप्पा कोणता हे माहीत असेल तर प्रदर्शन दालनात कोणत्या यंत्रासमोर थांबायचे आणि कोणत्या यंत्रासमोरून पुढे जायचे हे आपोआप ठरते.

विश्वासार्हतेचा हिशेबही घरीच करून ठेवावा. एखादे यंत्र प्रत्येक क्रिया हजारात 999 वेळा बिनचूक करते असे गृहीत धरले आणि रात्रभराच्या कामात अशा हजार क्रिया असल्या, तर संपूर्ण काम कुठेही न अडखळता पार पडण्याची शक्यता सुमारे 37 टक्केच राहते. प्रत्येक क्रियेचे यश 99.99 टक्क्यांवर गेले तर हीच शक्यता सुमारे 90 टक्के होते. 99.9 आणि 99.99 हे आकडे माहितीपत्रकात जवळजवळ सारखे दिसतात, परंतु सकाळी प्रयोगशाळेत आल्यावर काय दिसेल हे त्यांच्यातल्या फरकावर अवलंबून असते. आपल्या कामात एकूण किती क्रिया आहेत हे मोजून ठेवले असेल तर विक्रेत्याला नेमका प्रश्न विचारता येतो.

मापनाची सध्याची गुणवत्ताही त्याच पानावर लिहावी. औषधशोधाच्या चाचण्यांमध्ये 1999 पासून झेड-प्राइम हा निर्देशांक सर्वत्र वापरला जातो. धन आणि ऋण नियंत्रणांच्या (ज्यांत परिणाम नक्की दिसतो आणि ज्यांत नक्की दिसत नाही अशा नमुन्यांच्या) प्रमाण विचलनांची बेरीज करून तिला तीनने गुणायचे, त्या दोन नियंत्रणांच्या सरासरींमधील फरकाने भागायचे आणि आलेली संख्या एकातून वजा करायची. उत्तर 0.5 किंवा त्याहून अधिक आले तर चाचणी उत्तम समजतात. हाताने केलेल्या चाचणीचा निर्देशांक कमी येत असेल, तर तो द्रव मोजण्यातल्या चढउतारामुळे आहे की मुळात दोन नियंत्रणांच्या संकेतांतच पुरेसे अंतर नाही म्हणून, हे आधी तपासावे. पहिल्या कारणावर चांगला द्रवहाताळणी रोबोट उपाय ठरू शकतो, दुसऱ्यावर नाही.

शेवटी, प्रयोगात वापरली जाणारी एक रिकामी प्लेट आणि एक नळी झाकणासह पिशवीत टाकावी. तिचा उपयोग पुढे सांगितला आहे.

व्याख्याने निवडताना आणि ऐकताना

मुख्य परिषदेच्या आदल्या एक-दोन दिवसांत बहुधा लघु अभ्यासक्रम ठेवलेले असतात. नवख्या माणसाने पैसे आणि सुट्टी यांची सोय होत असेल तर ते चुकवू नयेत, कारण द्रवहाताळणीची मूलतत्त्वे, यंत्रे एकमेकांना जोडण्याच्या पद्धती आणि माहितीचे व्यवस्थापन यांची ओळख तेथे शांतपणे होते, आणि नंतरच्या तीन दिवसांत व्याख्यात्यांची भाषा समजू लागते. कार्यक्रमपत्रिकेतून व्याख्याने निवडताना शीर्षकापेक्षा सारांश वाचावा. ज्या सारांशात नमुन्यांची संख्या, कामाचे तास, त्रुटींचे प्रमाण असे काही मोजलेले आढळते, त्या व्याख्यानाला प्राधान्य द्यावे.

स्वयंशासित प्रयोगशाळा, म्हणजे पुढचा प्रयोग यंत्रानेच ठरवून करणे, हा विषय सध्या प्रत्येक परिषदेत असतो आणि तो ऐकण्यासारखाही आहे, परंतु तो कसा ऐकायचा हे ठरवून जावे. 2009 मध्ये ॲडम या यंत्रणेने यीस्टच्या जनुकांविषयी स्वतः गृहीतके मांडून ती प्रयोगाने तपासल्याचे प्रसिद्ध झाले. 2020 मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातील गटाने असा फिरता रोबोट सादर केला की जो माणसांसाठी असलेल्या नेहमीच्या प्रयोगशाळेत वावरत, तिथलीच उपकरणे वापरत, आठ दिवसांत 688 प्रयोग करून गेला आणि पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्यासाठी सुरुवातीच्या मिश्रणांपेक्षा सहापट सक्रिय असलेले प्रकाश-उत्प्रेरक मिश्रण शोधू शकला. या दुसऱ्या कामातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. रोबोट दिशा आणि स्थान ठरवण्यासाठी लेसरने आसमंत मोजत होता आणि स्पर्शाच्या आधारे अचूक जागा पक्की करत होता, आणि पुढचा प्रयोग कोणता करायचा हे आधीच्या निकालांवरून अंदाज बांधणारी बेझियन शोधपद्धती ठरवत होती. मात्र दहा चलांचे ते शोधक्षेत्र कोणते असावे, कोणते पदार्थ त्यात घ्यावेत, हा निर्णय संशोधकांचा होता. म्हणून असे कोणतेही व्याख्यान ऐकताना वहीच्या पानावर मधोमध एक रेघ ओढावी, एका बाजूला यंत्राने काय केले आणि दुसऱ्या बाजूला माणसाने काय केले ते लिहीत जावे. प्रश्नोत्तराच्या वेळी दुसऱ्या बाजूतील रिकाम्या जागांबद्दल विचारावे: अभिकर्मक कोण भरत होते, वापरलेली पात्रे कोण रिकामी करत होते, यंत्र थांबले तेव्हा निरोप कोणाला जात होता. चांगला व्याख्याता या प्रश्नांची उत्तरे आनंदाने देतो, कारण त्याच्या श्रमांचा मोठा भाग तिथेच गेलेला असतो.

प्रदर्शन दालनात

पहिल्या दिवशी दालनातून एकदा न थांबता फेरी मारावी आणि आपल्या पानाशी संबंध असलेले स्टॉल नकाशावर खूण करून ठेवावेत. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ठिकाणी पुरेसा वेळ द्यावा. दिवसाला चार-पाच सविस्तर भेटी पुरेशा आहेत.

प्रात्यक्षिकात बहुधा रंगीत पाणी वापरलेले असते, आणि पाणी हा अतिशय समंजस द्रव आहे. डायमिथाइल सल्फॉक्साइड हवेतील ओलावा शोषून घेतो, ग्लिसरॉल पिपेटच्या टोकातून सावकाश सुटते, रक्तरस फेसाळतो, ॲसिटोनसारखा बाष्पनशील द्रावक टोकातून थेंबथेंब गळतो, चुंबकीय मणी आणि पेशी काही मिनिटांत तळाशी बसतात. यंत्र प्रत्येक द्रवासाठी शोषण्याचा वेग, थांबण्याचा काळ, हवेची फट आणि सोडण्याची उंची यांचा वेगळा संच वापरते. आपल्या द्रवासाठी तो संच तयार मिळेल का, नसल्यास तो बसवण्याचे काम कोण करील आणि त्याला साधारण किती दिवस लागतील, हे विचारावे. द्रवाची पातळी यंत्र कशी ओळखते हेही विचारावे. विद्युतधारितेवर चालणाऱ्या पद्धतीला विद्युतवाहक टिप (पिपेटची बदलता येणारी टोके) लागतात आणि अवाहक द्रवांत ती अडखळते, तर दाबावर चालणारी पद्धत द्रवाच्या वाहकतेवर अवलंबून नसते परंतु फेसाने फसू शकते. पात्राच्या तळाशी उरणारे, शोषता न येणारे आकारमान किती हा प्रश्न महागडी अभिकर्मके वापरणाऱ्यांनी कधीही विसरू नये.

अचूकतेचा आकडा सांगितला गेला की त्यासोबतच्या अटी विचाराव्यात: तो कोणत्या आकारमानाला आहे, कोणत्या द्रवाचा आहे, प्रत्येक वेळी नवी टिप होती का, सर्व चॅनलची (यंत्रातील एकत्र चालणाऱ्या पिपेटांची) सरासरी आहे की सर्वांत वाईट चॅनलचा आकडा आहे. एका मायक्रोलिटरला मिळणारी अचूकता शंभर मायक्रोलिटरच्या आकड्यावरून कळत नाही. स्वयंचलित द्रवहाताळणी यंत्रणांच्या चाचणीसाठी 2022 पासून आयएसओ 23783 हे मानक उपलब्ध आहे. दिलेले आकडे त्यानुसार मोजलेले आहेत का असे विचारले की संभाषणाचा सूर बदलतो आणि बरेचदा तांत्रिक माणसाला बोलावले जाते, जे आपल्या फायद्याचेच असते.

आता पिशवीतली प्लेट बाहेर काढावी. मायक्रोप्लेटचा पाया 127.76 मिमी लांब आणि 85.48 मिमी रुंद असावा, 96 वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दोन वेलच्या मध्यांतील अंतर 9 मिमी, 384 च्या प्लेटमध्ये 4.5 मिमी आणि 1536 च्या प्लेटमध्ये 2.25 मिमी असावे, असे मानक ठरलेले आहे. या एका मानकामुळे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकच प्लेट उचलू शकतात, आणि प्रयोगशाळा स्वयंचलनाच्या इतिहासात याहून उपयुक्त करार क्वचितच झाला असेल असे मला वाटते. तरीही प्लेटच्या कडेचा ताठपणा, झाकणाची पकड, वेलच्या तळाचा आकार आणि उष्णतेने येणारा बाक यांत फरक राहतात. म्हणून आपली प्लेट यंत्राच्या पकडीत प्रत्यक्ष देऊन पाहण्याची विनंती करावी. झाकण काढणे आणि पुन्हा बसवणे ही दिसायला किरकोळ क्रिया अनेक यंत्रणांना त्रास देते.

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: काही बिघडले तर यंत्र काय करते? टिप उचलली गेली नाही, बारकोड वाचता आला नाही, सील अर्धेच निघाले, वीज दोन सेकंद गेली, अशा प्रसंगी यंत्र थांबून वाट पाहते, तो नमुना वगळून पुढे जाते, की संपूर्ण काम सोडून देते? थांबलेले काम मधूनच सुरू करता येते का? कोणत्या वेलमध्ये द्रव पडला आणि कोणत्या नाही, हे नोंदींवरून दुसऱ्या दिवशी सांगता येते का? शक्य असेल तर प्रात्यक्षिकाच्या वेळी मुद्दाम एक टिप काढून ठेवायला किंवा एक रिकामी जागा सोडायला सांगावे. जी कंपनी हे निःसंकोच करू देते तिच्या यंत्रावर माझा विश्वास वाढतो.

सॉफ्टवेअरविषयी विचारताना आपल्या प्रयोगशाळेत आज असलेल्या उपकरणांची नावे आणि आवृत्त्या सांगाव्यात. दुसऱ्या कंपनीचे सेंट्रिफ्यूज किंवा इनक्युबेटर जोडायचे असल्यास ड्रायव्हर तयार आहे का, नसल्यास तो कोण लिहील आणि पुढे कोण सांभाळील, हे स्पष्ट करून घ्यावे. उपकरणांच्या परस्परसंवादासाठी सिला 2 हे खुले मानक आहे, ओपीसी यूए या औद्योगिक मानकावर आधारलेली प्रयोगशाळा उपकरणांची व्याख्याही आहे, आणि पायलॅबरोबोटसारखी मुक्त सॉफ्टवेअरही आता वापरात आहेत. मानकाचे नाव स्टॉलच्या फलकावर असणे आणि आपल्या हातातल्या उपकरणाशी ते प्रत्यक्ष बोलणे यांत अंतर असू शकते, म्हणून चालू असलेली जोडणी दाखवण्याची मागणी करावी. प्रोटोकॉल (यंत्राला दिलेली क्रियांची यादी) साध्या मजकुराच्या स्वरूपात बाहेर काढता येतो का आणि मोजलेली माहिती कोणत्या स्वरूपात साठते हेही विचारावे, कारण दहा वर्षांनी यंत्र बदलले तरी माहिती हाती राहिली पाहिजे.

टिप आणि प्लेट यांचा वर्षाचा खर्च, देखभाल करार, सुटे भाग मिळण्याचा अवधी आणि प्रशिक्षणाचे दिवस, हे व्यवहाराचे प्रश्न शेवटी एकत्र विचारून लेखी मागावेत. माणसाजवळ उघड्यावर काम करणारा सहयोगी रोबोट पाहत असाल तर जोखमीचे मूल्यांकन कोण करून देणार हेही त्यातच घालावे. हात स्वतः सुरक्षित असला तरी त्याने धरलेली काचेची नळी किंवा सुई सुरक्षित असेलच असे नाही.

भित्तिपत्रकांपाशी

भित्तिपत्रकांच्या सत्राला अनेक जण चहापानाचा वेळ समजतात, ही मोठी हानी आहे. तेथे उभा असलेला विद्यार्थी किंवा अभियंता बहुधा ते यंत्र रोज चालवणारा असतो, त्याला काही विकायचे नसते, आणि त्याच्याकडे दहा मिनिटे असतात. कोणता टप्पा अजून हाताने करावा लागतो, यंत्राजवळ कोणी नसताना ते सर्वाधिक किती तास चालले, आणि पुन्हा सुरुवात करायची झाली तर काय वेगळे कराल, हे तीन प्रश्न मी सर्वांना विचारण्यास सांगेन. नाव आणि संपर्क त्याच्या संमतीने घ्यावा.

स्वतः काम सादर करायचे असल्यास

सारांश पाठवण्याची मुदत परिषदेच्या कित्येक महिने आधी संपते, त्यामुळे निकाल पूर्ण होण्याची वाट पाहत बसू नये. तोपर्यंत मोजलेले मात्र प्रामाणिकपणे लिहावे. अनेक परिषदांत विद्यार्थ्यांसाठी प्रवासभत्त्याची पारितोषिके असतात आणि त्यांचे अर्ज सारांशासोबतच किंवा त्याच सुमारास भरावे लागतात.

भित्तिपत्रकावर यंत्राच्या डेकची (प्लेट आणि टिप ठेवण्याच्या पृष्ठभागाची) मांडणी वरून दिसेल अशी काढावी, कोणती प्लेट कोठे बसते ते दाखवावे, आणि हाताने केलेल्या कामाशी तुलना एकाच दिवशीच्या, एकाच संचातल्या नमुन्यांवर केलेली असावी. चित्रफीत दाखवत असाल तर ती किती पट वेगाने चालवली आहे हे पडद्यावर लिहावे. ही सूचना लहान दिसते, पण तिच्या अभावी श्रोते यंत्राच्या वेगाबद्दल चुकीचे अनुमान घेऊन जातात. त्रुटींची नोंद सादर करायला संकोच करू नये. किती वेळा काम थांबले, का थांबले आणि कोणत्या बदलाने ते कमी झाले, याचा तक्ता श्रोत्यांना सर्वाधिक उपयोगी पडतो आणि इतर कोठेही तो सहजासहजी छापला जात नाही. प्रोटोकॉल आणि सॉफ्टवेअर खुले करता येणार असेल तर त्याचा पत्ता भित्तिपत्रकावरच द्यावा.

परतल्यावर

नोंदी रोज रात्री तिथेच स्वच्छ कराव्यात, कारण तिसऱ्या दिवशी दोन यंत्रांचे गुणधर्म मनात एकमेकांत मिसळतात. परतल्यानंतर पहिल्याच आठवड्यात त्या एका पानावरील प्रत्येक टप्प्यासमोर काय सापडले ते लिहावे: तयार उपाय आहे, उपाय आहे पण द्रव किंवा पात्र बदलावे लागेल, किंवा हा टप्पा सध्या हातानेच ठेवणे योग्य. शेवटच्या प्रकारात काही टप्पे येणे अगदी स्वाभाविक आहे. आठवड्यातून एकदाच होणारे आणि दर वेळी बदलणारे काम तंत्रज्ञाच्या हातात अधिक चांगले होते.

निवडलेल्या दोन किंवा तीन कंपन्यांकडे आपले नमुने, किंवा ते धोकादायक वा गोपनीय असतील तर त्यांच्याशी गुणधर्मांनी मिळताजुळता द्रव, पाठवून संपूर्ण कार्यपद्धतीचे प्रात्यक्षिक मागावे, आणि ते पाहायला यंत्र रोज चालवणार असलेल्या तंत्रज्ञाला सोबत न्यावे. दरपत्रकावर स्वाक्षरी होण्यापूर्वी स्वीकृती चाचणीचे निकष लेखी ठरलेले असावेत: कोणत्या आकारमानाला किती टक्के विचलन चालेल, सलग किती प्लेट मदतीशिवाय पूर्ण व्हायला हव्यात, टिप न उचलली जाण्यासारख्या मुद्दाम घडवलेल्या किती बिघाडांतून यंत्राने स्वतः सावरले पाहिजे. ही चाचणी एकदा कारखान्यात आणि एकदा आपल्या प्रयोगशाळेत यंत्र बसवल्यानंतर घ्यावी, कारण वाहतुकीत डेकची समतलता बदलते आणि हवेतील आर्द्रताही दोन्हीकडे सारखी नसते. शेवटचा हप्ता दुसऱ्या चाचणीच्या निकालाशी बांधलेला असावा.